'अशक्तपणा' म्हणून सलाईन लावण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एक जिना चढला की छातीत धडधड, धुणं वाळत घालताना धाप, वाकून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. या तक्रारीला गावोगाव अजूनही एकच उत्तर मिळतं: 'अशक्तपणा आहे, सलाईन लावू.' त्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, किंवा 5 टक्के ग्लुकोज असेल तर 25 ग्रॅम साखर, म्हणजे जेमतेम एका पोळीची ऊर्जा. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं असेल तर सलाईन हवंच. एरवी त्याने हिमोग्लोबिन वाढत नाही. संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप आकसली असेल, तर तेच पाणी फुप्फुसात साचून दम जिवावर बेतू शकतो.

आधी सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची तपासणी) करावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली, पुरुषाचं 13 च्या खाली म्हणजे कमीच. लोहाची गोळी 'लागू पडत नाही' तेव्हा दोष बहुधा घेण्याच्या पद्धतीत असतो. चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली की लोह नीट शोषलं जात नाही. मध्ये दोन तास जाऊ द्यावेत, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. शौचाला काळं होतं म्हणून सोडू नये. हिमोग्लोबिन भरल्यावरही साधारण तीन महिने चालू ठेवावी, कारण शरीरातला साठा त्यानंतर भरतो. तांबड्या पेशी मोठ्या दिसल्या तर बी-12 तपासावं, शाकाहारी घरांत विशेष. पुरुषांत आणि पाळी गेलेल्या स्त्रियांत लोह कमी निघालं, तर पोटात कुठे रक्त जातं आहे का हे शोधल्याशिवाय थांबू नये.

सीबीसी चांगली आली तर? टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि ईसीजी. नाडी पूर्ण एक मिनिट मोजावी. ठोके अनियमित असतील तर 24 तासांचा होल्टर (अंगावर लावून सतत ईसीजी नोंदवणारं छोटं यंत्र), कारण धडधड थांबल्यावर काढलेला ईसीजी बऱ्याचदा नॉर्मलच येतो.

दवाखान्यात सर्रास राहून जाणारी तपासणी मात्र फुकटची आहे. पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी आणि नाडी घ्यायची, मग उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा. वरचं बीपी 20 ने किंवा खालचं 10 ने उतरलं तर चक्करेचं कारण तिथेच सापडतं. बीपीच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या, जुना मधुमेह, कमी पाणी. बीपी न उतरता नाडी 30 किंवा जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहिली, तर तो 'पॉट्स' (POTS) नावाचा वेगळा विकार. कोविडनंतर काहींत तो दिसला. 'टेन्शन' हे निदान या सगळ्यानंतर करायचं. बाईमाणसाच्या बाबतीत ते सर्वांत आधी केलं जातं, हे फार चुकीचं आहे.

श्रम करताना शुद्ध हरपणं, छातीत दुखणं, आडवं झाल्यावर वाढणारा दम, किंवा एकाच पायाला सूज आणि अचानक धाप, यांपैकी काही असेल तर तपासण्यांची वाट न पाहता 108 ला फोन करावा.

– एक फिजिशियन, सांगली