डोंगरउतारांवरील भूकंपाच्या नोंदी

महोदय,
भूकंपांवरील आपल्या दैनिकातील लेखात यंत्रांनी नोंदवलेला इतिहासच खात्रीचा मानला आहे. त्यास माझी हरकत आहे. यंत्रांच्या नोंदी जेमतेम सव्वाशे वर्षांच्या आहेत, तर एकाच प्रस्तरभंगावरील (जिथे खडक तुटून दोन बाजू एकमेकींपासून सरकतात त्या भेगेवरील) दोन मोठ्या धक्क्यांत शेकडो वर्षे जाऊ शकतात. त्या काळाचा हिशेब जमिनीच्या आकारातच सापडतो. कॅलिफोर्नियात सॅन अँड्रियास प्रस्तरभंगावरील वॉलेस क्रीक हा ओढा डोंगरातून सरळ उतरतो, भंगरेषेपाशी एकदम वळतो, तिच्या कडेने सुमारे १३० मीटर जातो आणि मग पुन्हा मूळ दिशा धरतो. भंगरेषेच्या दोन बाजूंची जमीन सरकत गेल्याने हे वळण पडले; हे पात्र सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीचे असल्याने तेथील जमीन वर्षाला सरासरी ३४ मिलिमीटर सरकते, हे उमगले.

आपल्याकडेही वाचण्यासारखे पुष्कळ आहे. घाटमाथ्यावर जवळजवळ आडवे असणारे बेसॉल्टचे (लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकाचे) थर कल्याण-पनवेल पट्ट्यात पश्चिमेकडे स्पष्ट कललेले दिसतात. हा कल प्रस्तरभंगामुळे की थर नुसते वाकल्यामुळे, यावर भूवैज्ञानिकांत मतभेद आहेत, आणि त्यांचा निवाडा करणारा पुरावा याच उतारांवर उघडा पडलेला आहे. नवी मुंबई परिसरात खाणी आणि बांधकामांसाठी डोंगर कापले जात असताना तो कायमचा नाहीसा होतो. म्हणून कोणताही उतार कापण्यापूर्वी तेथील थरांचा कल मोजून छायाचित्रांसह नोंद करणे परवानगीच्या अटींतच बंधनकारक करावे, ही विनंती.

– एक वाचक, बेलापूर, नवी मुंबई