मंत्रिमहोदय, पैसे जमा झालेत म्हणे!

मा. मंत्री महोदय,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : संजय गांधी निराधार योजनेचे न मिळालेले पैसे आणि 2100 रुपयांचा आपला शब्द.

सविनय नमस्कार.

आपल्यामागे कामाचा किती व्याप असतो याची मला कल्पना आहे. म्हणून थोडक्यात लिहायचं ठरवलं होतं, पण ते जमेल असं दिसत नाही.

मी बीड जिल्ह्यातली. नवरा वारला, नावावर एक गुंठा जमीन नाही. बारावीपर्यंत शिकलेय आणि लोकांच्या रानात खुरपायला जाते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत माझं नाव आहे, सासूबाईंचं म्हाताऱ्यांच्या श्रावणबाळ योजनेत. दोघींचे दीड-दीड हजार. यंदा दिवाळीला सासूबाईंचे आले, माझे आले नाहीत. तहसीलला गेले तर बाबूंनी संगणकात बघून सांगितलं, ‘ताई, तुमचे जमा झालेत की. मागच्या महिन्याचेही झालेत.’ बँकेत गेले तर तिथले म्हणाले, आमच्याकडे छदामही आलेला नाही. दोघंही खरं बोलत होते. हे कळेपर्यंत माझे किती रोज बुडाले ते सोडा.

झालं असं, की उन्हाळ्यात एक पोरगा मशीन घेऊन वस्तीवर आला. विम्याचं काहीबाही सांगून बायांचे अंगठे घेऊन गेला. त्या अंगठ्यावर कुठल्याशा बँकेत माझ्या नावाचं खातं निघालं आणि आधार तिकडे जोडलं गेलं. आपल्या थेट लाभाच्या पद्धतीत पैसे पासबुकावरच्या नंबराला जात नाहीत, आधारला जातात. आणि आधार शेवटचं ज्या बँकेला जोडलं असेल तिथे पडतात. ही गोष्ट कोणत्याही बाईला आधी कोणी सांगत नाही. आता माझे पैसे अशा खात्यात आहेत ज्याचं पासबुक माझ्याकडे नाही, कार्ड नाही, आणि ओटीपी कोणाच्या मोबाइलवर जातो ते त्या पोरालाच ठाऊक. बाबू म्हणतात, आमच्याकडून गेले, आमचा विषय संपला. कागदावर मी लाभार्थी आहे. आपल्या पुढच्या भाषणात जी संख्या येईल, तिच्यात मीही असेन.

दीड हजारात काय होतं, असं टीव्हीवर चर्चेला बसलेले लोक विचारतात. त्यांनी हा प्रश्न एकदा ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाला विचारावा.

आमच्या भागात ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, हे आपल्याला माहीत असेल. मुकादम पावसाळ्यातच उचल, म्हणजे आगाऊ पैसे, वाटतो. घरात दुखणं असतं, पोरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च असतो, दुकानाची उधारी थकलेली असते, त्या वेळी तो दारात येतो. ती उचल फेडायला दिवाळीच्या आसपास निघायचं, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात पाच-सहा महिने पालात राहायचं. एका दिवसाचा खाडा झाला की पैसे कापतात, मग ताप असो की पाळी. खाडा नको म्हणून आमच्या जिल्ह्यातल्या किती बायांनी तिशीतच गर्भाची पिशवी काढून घेतली. 2019 साली बोभाटा झाला तेव्हा आपल्याच सरकारने चौकशी समिती नेमली होती. आम्ही दोघंही जायचो. मुलगी पाचटाच्या ढिगाशेजारी झोळीत वाढली.

नवरा गेला आणि मी अर्धा कोयता झाले. अर्ध्या कोयत्याला टोळीत किंमत नसते. कोणीतरी जोडीला लागतं, आणि घरात माझ्याशिवाय हातपाय चालणारी एकच होती, आठवीतली पोर. दुसरी वाट म्हणजे तिचं लग्न लावून तिचा वेगळा कोयता करून द्यायचा. हे मी एकटीचं सांगत नाही. केंद्र सरकारच्याच 2019-21च्या कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या दर 10 बायांमध्ये 4 हून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. लोकांना पोरी जड झाल्यात म्हणून हे होतं असं शहरात समजतात. पोरीला एकटीला गावात ठेवून फडावर कसं जायचं, याचं उत्तर आईबापाकडे नसतं म्हणून होतं.

निराधारचे पैसे सुरू झाले आणि मी उचल घ्यायची थांबले. दीड हजारात तीन माणसांचा महिना निघत नाही, तो माझ्या मजुरीवरच निघतो. पण महिन्याला काहीतरी येणार हे दुकानदाराला कळलं की तो उधार देतो आणि तोंडही वाकडं करत नाही. पोरीच्या कॉलेजच्या वह्या-पुस्तकांचं भागतं. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या संपायच्या आत येतात, संपून चक्कर आल्यावर नाही. एक शेळी घेतली होती, तिच्या तीन झाल्या. मुकादम दोन पावसाळे दारात येऊन गेला, मी चहा पाजून परत पाठवला. पोर आता बारावीला आहे.

यंदा तो पुन्हा येऊन गेला. पैसे थांबल्याचं त्याला माझ्याआधी कळलं होतं की काय, देव जाणे. दोन शेळ्या विकल्यात. तिसरी गाभण आहे म्हणून ठेवलीय.

‘फुकटचे पैसे दिले की माणसं आळशी होतात, दारू वाढते,’ असं आपल्या पक्षाचेही लोक खासगीत म्हणतात. पोरीने मोबाइलवर एक वाचून दाखवलं. शेजारच्या मध्य प्रदेशात 2011 ते 2013 या काळात ‘सेवा’ या कष्टकरी बायांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने काही गावांत प्रत्येक माणसाला दरमहा पैसे देऊन पाहिले. आधी मोठ्याला 200 आणि लेकराला 100, पुढे 300 आणि 150. कशावर खर्च करायचे याची अट नव्हती. लोकांनी दारू वाढवली नाही. लेकरांचं खाणं सुधारलं, शाळेतली हजेरी वाढली, माणसांनी शेळ्या-कोंबड्या घेतल्या, आपल्या रानात जास्त राबली. मला हे ऐकून काही नवल वाटलं नाही. पण ते मंत्रालयात कोणी वाचलं असेल असंही वाटत नाही.

आता आपल्या शब्दाकडे येते. नोव्हेंबर 2024च्या निवडणुकीत आपण लाडक्या बहिणींना 2100 म्हणालात आणि वृद्धांच्या पेन्शनचेही 1500 वरून 2100 करू म्हणालात. सासूबाईंनी ते भोंग्यावर स्वतः ऐकलं. त्या दर महिन्याला पासबुक माझ्यापुढे धरतात आणि विचारतात, वाढले का. मार्च 2025चा अर्थसंकल्प आला, त्यात वाढले नाहीत. मी त्यांना सांगते, होतील. तुमच्या वतीने खोटं बोलायचं कामसुद्धा माझ्याकडेच आहे, तेही बिनपगारी. दिव्यांगांचे 2500 केलेत, ते चांगलं केलंत. मग विधवेचं आणि म्हातारीचं काय बिघडलंय?

उत्पन्नाच्या अटीबद्दल बोलायलाच नको, पण बोलते. निराधार योजनेसाठी कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 21 हजारांच्या आत पाहिजे. म्हणजे महिन्याला 1750. बाईची मजुरी रोजची 300 धरा. वर्षात 70 दिवस खुरपलं की 21 हजार झाले, एकाहत्तराव्या दिवशी मी निराधार उरत नाही. एवढ्यावर जगणारी बाई तुम्ही कुठे पाहिली? दाखला मागणाऱ्याला, देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, तिघांनाही माहीत असतं की हा आकडा खोटा आहे. तरी तो लिहावा लागतो, नाहीतर अर्ज पुढे सरकत नाही. गरिबाला आधी खोटं बोलायला लावायचं आणि मग बोगस लाभार्थी म्हणून त्याच्याच नावाने बोंब मारायची. लाडकी व्हायला अडीच लाखांपर्यंत मुभा आहे, निराधार व्हायला 21 हजार. पैसे दोघींना सारखेच.

आणि माजी आमदारांची पेन्शन? 2016 पासून महिन्याला 50 हजार, पाच वर्षांपेक्षा जास्त आमदारकी झाली असेल तर दर वर्षामागे 2 हजार जादा. त्यांच्यापैकी कोणी उत्पन्नाचा दाखला काढायला सेतू केंद्रावर रांगेत उभं राहिलेलं मी तरी बघितलं नाही. केंद्र सरकारचं तर विचारूच नका. विधवा पेन्शनमध्ये दिल्लीचा वाटा 300 रुपये, ऐंशीच्या आतल्या म्हाताऱ्यांसाठी 200. त्यातले 300 हे 2012 पासूनचे आहेत आणि 200 त्याहून जुने. तेव्हापासून महागाई भत्ता कितीदा वाढला ते आपल्या सचिवांना तोंडपाठ असेल.

लाडकी बहीणबद्दल माझी तक्रार नाही, बायांच्या हातात पैसा येतोय ही चांगलीच गोष्ट आहे. पण तुमची रीत बघा. निवडणुकीआधी फॉर्म भराभर मंजूर झाले. निवडणूक झाली, सरकार आलं आणि मग कोण खरी कोण खोटी याचा शोध सुरू झाला. 2025च्या जूनपासून 26 लाखांवर नावांचे पैसे थांबवले, त्यात 14 हजारांवर पुरुष निघाले. पुरुष! ते बायांच्या योजनेत शिरले तेव्हा तुमचा संगणक झोपला होता का? सप्टेंबरात ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवायची अट, काढली, तिच्यात नवऱ्याचं नाहीतर बापाचं आधार आणि ओटीपी मागितला. ज्या बाईचा नवराही मेलाय आणि बापही, तिने ओटीपी कोणाला मागायचा, हा साधा प्रश्न ते पान तयार करताना एकालाही पडला नाही? ओरड झाल्यावर मग मुदत वाढवायची आणि वेगळी सोय काढायची. तोवर बाया रात्री-अपरात्री रेंजसाठी टेकडीवर बसलेल्या. त्याच योजनेला पैसे कमी पडले तर मे महिन्यात सामाजिक न्याय खात्याचे 410 कोटी आणि आदिवासी खात्याचे 335 कोटी तिकडे वळवले. एका गरिबाच्या ताटातलं काढून दुसऱ्या गरिबाला वाढायचं, आणि दोन्हीकडे फोटो मात्र तुमचा.

सप्टेंबरात पूर आला, 31 हजार 628 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. मदत हेक्टरी. शेतकऱ्याला मिळालीच पाहिजे, त्याचं सगळं वाहून गेलं. पण सोयाबीन पाण्यात गेलं तेव्हा ते काढायची माझी मजुरीही पाण्यात गेली. माझी हेक्टरी किती धरायची? पीएम किसानचे सहा हजार सातबाऱ्यावर, नमो शेतकरीचे सहा हजार सातबाऱ्यावर. ज्याच्या नावावर रान नाही तो या राज्यात राबतो, पण कोणत्याही यादीत दिसत नाही. दिसलाच तर उपकार म्हणून. याच महाराष्ट्राने 1972च्या दुष्काळात रोजगार हमी काढली, पुढे तिचा कायदा केला, आणि कायदा होता म्हणून आमच्या आधीच्या पिढीला काम मागता आलं, नाही मिळालं तर भांडता आलं. आता नवं निघतं त्या सगळ्या योजनाच. योजना म्हणजे तुमची मर्जी. कधी सुरू, कधी बंद, कधी सणाआधी दोन हप्ते एकदम. मीही फोनला रिचार्ज मारते तेव्हा 18 टक्के कर भरते, तो भरताना मला कोणी दात्या म्हणत नाही. तुमच्या बॅनरवर मात्र तुम्ही दाते.

मागायचं ते लिहिते, नाहीतर राहून जाईल. पैसे महिन्याच्या ठरावीक तारखेला द्या, मग ती कोणतीही असो. दुकानदाराला तारीख सांगता आली तरच तो उधार देतो. कोणाचे पैसे थांबवायचे असतील तर आधी लेखी कळवा आणि कारण लिहा. आधार कोणत्या बँकेला जोडलंय याची यादी दर तीन महिन्यांनी ग्रामपंचायतीत वाचून दाखवायची सोय करा, आणि चुकून दुसऱ्या खात्यात गेलेले परत मिळवून द्यायची जबाबदारी एका माणसावर टाका, नाव आणि फोन नंबरासकट. 21 हजारांची अट काढा, नाहीतर तुमच्यापैकी एकाने तेवढ्यात एक वर्ष काढून दाखवा. 2100 द्या किंवा देणार नाही म्हणून सांगा. नाही म्हणालात तरी चालेल, सासूबाईंना मी तसं सांगेन.

एक विनंती उरली. हे पत्र ‘पुढील योग्य कार्यवाहीस्तव’ असा शेरा मारून जिल्ह्याला आणि जिल्ह्याने तहसीलला पाठवू नये. ते फिरून त्याच टेबलावर येईल आणि तिथून मला लेखी उत्तर येईल की आपले पैसे जमा झालेले आहेत. ते मला माहीत आहे.

आपली,
बीड जिल्ह्यातली एक निराधार
(योजनेच्या यादीत तरी अजून आहे)
नोव्हेंबर 2025