निकाल देण्याआधी पान उघडा

गेल्या रविवारच्या पुरवणीत ग्राफिक कादंबऱ्यांतल्या 'बिघडलेल्या' नायकांवर लेख वाचला. मुलांच्या हाती काय पडतं, ही काळजी रास्तच. पण लेखात कथानकाचा गोषवारा देऊन, हे नायक म्हणजे 'विकृत आदर्श', असा थेट निकाल लावला आहे. चित्रकथा नायकाची पाठ थोपटते की त्याला उघडं पाडते, हे गोषवाऱ्यात कधीच सापडत नाही. त्यासाठी पानावरच्या चित्रांच्या चौकटी बघाव्या लागतात.

'वॉचमेन' (१९८६-८७) ही सुपरहिरोंवरची अमेरिकी चित्रकथा घ्या. या १२ अंकांची बहुतेक पानं तीन ओळींत तीन-तीन, अशा नऊ चौकटींत आखलेली आहेत. ठोसा बसला की चौकट पानभर मोठी करायची, ही सुपरहिरो कॉमिकची जुनी खोड. इथे ती मुद्दाम आवरली आहे. तिच्यातला मुखवटाधारी नायक रोरशाक दारूच्या गुत्त्यात एकाची बोटं मोडतो, त्यालाही टाळी मिळावी अशी ऐसपैस जागा नाही. त्याच्या संवादाच्या फुग्यांची कड खडबडीत, वाक्यं तुटकी. मात्र १९६६ सालच्या, मुखवटाधारी नायकांच्या बैठकीच्या आठवणीत हाच माणूस गुळगुळीत फुग्यांतून नीट, पूर्ण वाक्यं बोलतो. मधल्या काळात त्याच्यात काहीतरी कायमचं मोडलंय, हे फुग्याच्या कडेनेच सांगून टाकलं आहे. ते न पाहता त्याला 'कणखर न्यायदाता' म्हणणारे चाहते आणि 'विकृत आदर्श' म्हणणारे टीकाकार, दोघे एकाच माळेचे मणी!

पूर्वीचे सुपरहिरो सालस होते, असंही लेखात म्हटलंय. ती सालसता बरीचशी सक्तीची होती. १९५४ साली अमेरिकेतल्या प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. तिच्यानुसार प्रत्येक गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे, आणि पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी यांच्याविषयी अनादर वाटेल असं काही दाखवायचं नाही. अशा नियमांत कायद्यावरचा विश्वास उडालेला नायक जन्मणार कसा? १९७१ मध्ये नियम सैल झाले, आणि फेब्रुवारी १९७४ची तारीख असलेल्या स्पायडरमॅनच्या १२९व्या अंकात पनिशर अवतरला. तोही नायक म्हणून नाही. स्पायडरमॅनलाच मारायला निघालेला बंदूकधारी म्हणून. पुढे त्याच्या छातीवरची कवटी गोष्टीतून निसटली आणि अमेरिकेत पोलिसांच्या गाड्यांवर जाऊन चिकटली. २०१९च्या एका अंकात पनिशर स्वतःच पोलिसांसमोर ते स्टिकर फाडतो, ते उगाच नाही.

मुंबईकरांना हे परकं वाटायचं कारण नाही. राज कॉमिक्सचा डोगा याच शहरातला. उकिरड्यावर सापडलेलं पोर, डाकूने वाढवलेलं, मोठेपणी कुत्र्याचा मुखवटा घालून गुंडांना गोळ्या घालणारं. तो गाजला ते नव्वदचं दशक, आणि त्याच काळात इथल्या पेपरांत खऱ्या चकमकींच्या बातम्या येत होत्या. 'बरं झालं, मेला एकदाचा' ही प्रतिक्रिया कॉमिक वाचून आली की पेपर वाचून, हे ठरवणं कठीण.

पालकांनी दुकानात पुस्तक उघडून पहिला हिंसेचा प्रसंग शोधावा आणि लगेच पुढची चौकट बघावी. तिथे मार खाणाऱ्याचा किंवा पाहणाऱ्याचा चेहरा आहे, की पुन्हा नायकाचीच रुबाबदार आकृती? मग चौकटीच्या कोपऱ्यातला मजकूर: तो नायकाच्याच मनातला असेल, तर पुस्तकात त्याला खोडून काढणारं कोणी आहे का? 'द डार्क नाइट रिटर्न्स'मध्ये (१९८६) टीव्हीच्या पडद्यासारख्या बारक्या चौकटींत बॅटमॅनवरून भांडणारी माणसं जागोजागी भेटतात. त्यात बॅटमॅनचे समर्थक आहेत, तसे त्याला गुन्हेगार म्हणणारेही. असा विरोधी आवाज ज्यात अजिबात नाही, ते पुस्तक मी तरी बारा वर्षांच्या मुलाला एकट्याने वाचायला देणार नाही, मग नायक कितीही सोज्वळ असो.

आणि ग्रंथालयांना विनंती: मुखपृष्ठावर झगा आणि मुखवटा दिसला की पुस्तक बालविभागात ढकलू नका. पुष्कळदा मागच्या बाजूला, बारकोडच्या आसपास, वयोगट छापलेला असतो. नोंद करताना तो पाहून मोठ्यांच्या पुस्तकांत वेगळा कप्पा करता येईल. छापलेला नसेल, तर वरची तपासणी दोन मिनिटांत होते.

— एक वाचक, दादर, मुंबई