शस्त्र न धरणारा कॅप्टन

तीर्थरूप आई-बाबांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, ज्याने बंदूक हाती धरायचीच नाही त्याचे रणांगणावर काय काम, असे तुम्ही मागच्या पत्रात विचारले होते. त्याचे उत्तर मला फादर एमिल कपॉन यांच्या आयुष्यात सापडले.

अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या पिल्सेन या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी १९१६ साली त्यांचा जन्म झाला. १९४० मध्ये ते धर्मगुरू झाले, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस भारत-ब्रह्मदेश आघाडीवर राहिले आणि १९५० मध्ये लष्करी धर्मगुरू म्हणून कोरियाच्या युद्धात पोहोचले. तिथे वेदी नसे, म्हणून जीपच्या बॉनेटवर ते मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, अर्पण करीत.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये उत्तर कोरियातील उन्सान येथे चिनी सैन्याने त्यांच्या तुकडीला वेढा घातला, तेव्हा निसटण्याची संधी असूनही ते जखमींजवळ थांबले. पायाला दुखापत होऊन पडलेल्या हर्ब मिलर या सार्जंटवर एका चिनी सैनिकाने बंदूक रोखली होती. फादरांनी ती बाजूला सारली, मिलरला उचलले आणि ते त्याला घेऊन चालू लागले. तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला इथेच मिळाले.

उरलेले अर्धे उत्तर कोरियातील प्योक्तोंगच्या युद्धकैद्यांच्या छावणीत आहे, जिथे पकडले गेल्यावर ते राहिले. थंडीने, उपासमारीने आणि हगवणीने माणसे मरत असताना फादर पत्रा ठोकून भांडी करीत, त्यांत पाणी उकळीत, आजाऱ्यांचे घाण झालेले कपडे धुवीत आणि ख्रिस्ताशेजारी क्रुसावर खिळलेल्या पश्चात्तापी चोराची, संत दिस्मासची, प्रार्थना करून कैद्यांसाठी अन्न चोरायला निघत. आई, आजीच्या अखेरच्या दिवसांत तू तिचे सारे अंथरुणावर केलेस, ते मला हे वाचताना सारखे आठवत होते.

२३ मे १९५१ रोजी, पस्तिसाव्या वर्षी, ते त्याच छावणीत वारले. २०१३ मध्ये त्यांना मरणोत्तर ‘मेडल ऑफ ऑनर’ हा अमेरिकेचा सर्वोच्च लष्करी सन्मान मिळाला. पण माझे मन त्याहून दुसऱ्याच गोष्टीत अडकले आहे. त्यांचे अवशेष युद्धबंदीनंतर परत आले होते, मात्र ओळख न पटल्याने हवाईतील लष्करी दफनभूमीत ते ‘अज्ञात’ म्हणून पुरले गेले. ओळख पटली ती २०२१ साली, आणि मग कॅन्ससमधील विचिटाच्या कॅथेड्रलमध्ये त्यांना विसावा मिळाला. आपला मुलगा कुठे आहे हे न कळताच त्यांचे आई-वडील तोवर केव्हाच निवर्तले होते. ते वाचून पुस्तक मिटले आणि तुम्हाला पत्र लिहायला बसले.

तुमची लेक