‘ब्रिक’ कळला नाही, की नीट ऐकू आला नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘ब्रिक’ या अमेरिकी रहस्यपटाबद्दल वाचकांची उलटसुलट मते आपण सलग छापलीत, ती वाचून हे पत्र लिहीत आहे. एका वाचकाला हा चित्रपट अफलातून वाटला, दुसऱ्याने अर्ध्यात बंद केला. तिसऱ्याचा प्रश्न होता, ‘शाळकरी पोरे अशी बोलतात का हो?’ चौथ्याची तक्रार अशी, की शेवटचे वाक्य ऐकूच आले नाही, आवाज खराब होता. माझ्या मते यातले निम्मे मतभेद आवडीनिवडीचे नाहीत. चित्रपट कशावर, कसा पाहिला, त्यावरून ते झाले आहेत. तेवढे बाजूला काढले म्हणजे खरा वाद कशावर आहे हे दिसते, आणि तो वाद जरूर व्हावा.

आधी चित्रपटाची थोडी माहिती. रायन जॉन्सन यांचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. ब्रेंडन हा शाळकरी मुलगा आपल्या माजी मैत्रिणीच्या, एमिलीच्या, खुनाचा छडा लावतो, ही त्याची गोष्ट. पटकथा १९९७ च्या सुमारास लिहून झाली होती, पण पुढे कित्येक वर्षे पैसे उभे राहिले नाहीत. शेवटी घरच्यांनी आणि मित्रमंडळींनी हातभार लावला. पाच लाख डॉलरच्या आतल्या खर्चात, जेमतेम वीस दिवसांत चित्रीकरण उरकले. तेही कॅलिफोर्नियातल्या सॅन क्लेमेंटे येथे, दिग्दर्शक ज्या शाळेत शिकला त्याच शाळेत. अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात २००५ मध्ये त्याला दृष्टीच्या वेगळेपणासाठी परीक्षकांचे विशेष पारितोषिक मिळाले. हा हिशेब मुद्दाम देतो, कारण एका पत्रात ‘शाळेत शिक्षकच दिसत नाहीत, पैसे वाचवले असावेत’ असे म्हटले आहे. मोठी माणसे या कथेतून जाणूनबुजून वगळली आहेत. ठळक म्हणावीत अशी दोनच उरतात, एक उपमुख्याध्यापक आणि एका गुंड पोराची आई. उपमुख्याध्यापकाच्या खोलीतला प्रसंग नीट पाहा. विद्यार्थी आणि शिक्षक असे ते बोलतच नाहीत. खाजगी गुप्तहेर आणि सरकारी वकील यांच्यात व्हावी तशी ती घासाघीस आहे.

भाषेबद्दलच्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. नाही, कॅलिफोर्नियातलीही कुठली शाळकरी पोरे असे बोलत नाहीत. ती बोली डॅशिएल हॅमेट यांच्या १९२०-३० च्या गुप्तहेरकथांच्या वळणावर घडवलेली आहे. पोलिसांना ‘बुल’ म्हणणे ही त्याच काळातली तऱ्हा. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या धनंजय-झुंजारची भाषा तरी कोणाच्या घरात बोलली जात होती? ती रहस्यकथेची भाषा होती आणि वाचकाने ती बिनतक्रार मान्य केली. इथे तीच भाषा दप्तर पाठीला लावलेल्या पोरांच्या तोंडी घातली आहे, एवढाच फरक. तो पहिल्या दहा मिनिटांत पचला नाही, तर पुढची शंभर मिनिटे जड जातात हे मात्र खरे.

आता ऐकू येण्याचा मुद्दा. आपल्या नागपुरात एप्रिल-मेमध्ये घरी चित्रपट पाहायचा म्हणजे कूलर आलाच. कूलर तीनवर असेल, तर ‘ब्रिक’मधले पुटपुटल्यासारखे, भरभर बोललेले संवाद त्या घरघरीत बुडून जातात. अशा वेळी चक्क हेडफोन लावावेत. इंग्रजी कितीही चांगले असले, तरी इंग्रजी सबटायटल चालू ठेवावीत. दीडपट वेगाने तर मुळीच पाहू नये, कारण यातला संवाद आधीच इतका भरधाव आहे, की सबटायटलच्या दोन ओळी वाचून होत नाहीत तोच पुढच्या येतात. टीव्हीवरचे, हालचाल गुळगुळीत करणारे सेटिंग बंद करून ‘सिनेमा’ मोड लावावा, नाहीतर सेकंदाला चोवीस फ्रेमचा चित्रपट मालिकेसारखा दिसू लागतो. ‘व्हिविड’ किंवा ‘डायनॅमिक’ मोडमध्ये बोगद्यातल्या दृश्यांतल्या काळ्या छटा एकमेकींत मिसळून जातात, आणि गोष्टीची सुरुवात त्या बोगद्याच्या तोंडापासूनच होते.

सभागृहात सामूहिक खेळ ठेवणाऱ्यांसाठी एक सूचना. प्लेअरमधून ‘५.१’, म्हणजे अनेक स्पीकरसाठी वेगवेगळ्या वाहिन्यांचा (चॅनेलचा), ध्वनी निघत असेल आणि सभागृहाचा अँप्लिफायर डाव्या-उजव्या अशा दोनच वाहिन्यांचा असेल, तर मधली वाहिनी गळून जाते. संवाद बहुतेक त्याच वाहिनीत असतात. संगीत आणि पावलांचे आवाज दणदणीत, पण माणसे मुकी, असे झाले तर चित्रपटाला बोल लावू नका. प्लेअरच्या ध्वनी सेटिंगमध्ये ‘स्टिरिओ’ निवडा, म्हणजे सर्व वाहिन्या दोनांत मिसळून येतात. प्रेक्षक आत येण्यापूर्वी पाच मिनिटे संवादाचे दृश्य लावून मागच्या रांगेत बसून ऐका. आणि ११० मिनिटांच्या चित्रपटाला मध्यंतर घालू नका. यातला धागा एकदा सुटला की चहाच्या कपानंतर हाती लागत नाही.

आवाजासाठी एकच प्रसंग तपासायचा असेल, तर चाकू घेतलेला माणूस ब्रेंडनच्या मागे लागतो तो घ्या. शाळेच्या इमारतींमधून धावपळ चालते. दोघांच्या बुटांचे आवाज फरशीवर वाजत असतात. एका कोपऱ्याआड ब्रेंडन थांबतो आणि बूट काढतो. आता एकाच माणसाची पावले ऐकू येतात. ती किती जवळ आली याचा अंदाज घेऊन तो उलट धावत जातो आणि त्याला पायात पाय घालून असा पाडतो, की गडी थेट खांबावर आदळतो. या प्रसंगाची सगळी करामत कानाने कळते. मोबाइलच्या स्पीकरवर पाहणाऱ्याला दोन पोरे पळताना दिसली आणि एक पडला. त्याला ‘काही विशेष नाही’ वाटले, तर दोष त्याचा नाही, पण मत त्या स्पीकरबद्दलचे आहे. पार्श्वसंगीताचेही तसेच. दिग्दर्शकाच्या चुलतभावाने, नेथन जॉन्सन यांनी, फाइलींचे लोखंडी कपाट, काचेचे पेले, स्वयंपाकघरातली भांडी वाजवून ते केले आहे. ‘मधूनमधून काहीतरी खडखडत होते’ असे एका पत्रात आहे, ते बहुधा हेच.

शेवटच्या न ऐकू आलेल्या वाक्याबद्दल त्या वाचकाने निर्धास्त असावे. मैदानावर ब्रेंडनच्या कानात जे पुटपुटले जाते, ते आपल्याला ऐकू येऊ नये असाच बेत आहे. यंत्रणा कितीही उत्तम असली तरी ते येत नाही. त्याच्या मित्राने विचारल्यावर तो ‘एक घाणेरडी शिवी दिली’ एवढेच सांगतो. त्याआधी काय बोलणे झाले ते ध्यानात असेल, तर तो शब्द न ऐकताही ब्रेंडनचा चेहरा का उतरला ते कळते.

राहिला ‘दिग्दर्शकाने फसवले’ हा आरोप. रहस्यकथेत फसवणूक म्हणजे काय, याला जुने माप आहे. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये गुप्तहेरकथेचे दहा नियम मांडले. त्यात गुप्तहेराच्या हाती लागलेला धागा वाचकासमोरही लगेच ठेवला पाहिजे, असा एक नियम आहे. ‘ब्रिक’ या मापात पूर्ण उतरतो. एमिली फोनवर रडत रडत जे बोलते, त्यातून ब्रेंडनच्या हाती चारच गोष्टी लागतात: ब्रिक, टग, पिन आणि बिचारा फ्रिस्को. आपल्याही हाती तेवढ्याच लागतात. टग आणि पिन ही माणसे, फ्रिस्को हा एक मुलगा आणि ब्रिक म्हणजे हेरॉइनची वीट, हे त्याच्याबरोबरच आपल्याला उलगडते. त्याच फोनच्या वेळी जाणाऱ्या गाडीतून एक सिगारेट रस्त्यावर पडते. तिच्यावर निळा बाण आहे. कॅमेरा तो स्पष्ट दाखवतो. पुढे हा बाण कुठे दिसतो ते इथे सांगत नाही, पण ज्यांनी पाहिला नाही त्यांना गुन्हेगार ‘अचानक’ उपटल्यासारखा वाटणारच. ब्रेंडनच्या हाती लागलेल्या चिठ्ठीवरच्या खुणेचेही असेच. तिचा अर्थ ब्रेंडनला कळायच्या आधी तो काढण्याची संधी आपल्याला पुरेपूर मिळते.

खरा वाद यापुढे आहे आणि त्यात मी टीकाकारांच्या बाजूला निम्मा झुकतो. एका वाचक भगिनींनी लिहिले आहे, की यातल्या मुली मेलेल्या, रडणाऱ्या किंवा लबाड, एवढ्याच आहेत. हॅमेटच्या काळच्या कथांतून भाषा उचलताना त्या कथांची बायकांकडे पाहण्याची नजरही आली, हे नाकारता येत नाही. एमिली आपल्याला आधी पाण्यात पडलेला हात आणि त्यातल्या निळ्या बांगड्या म्हणूनच भेटते. तिचे म्हणणे काय होते, हे फोनवरचा तो कॉल आणि एक भेट सोडली तर दुसऱ्यांच्या तोंडूनच कळते. दुसरीकडे, पिनच्या आईच्या स्वयंपाकघरात मार खाऊन आलेला ब्रेंडन बसला आहे, समोर पिन काळ्या वेषात, आणि आई फळांचा रस देते आहे, या दृश्याला ‘पोरकट विनोद’ म्हणणाऱ्यांशी माझे जुळत नाही. ही सगळी शेवटी कोणाची तरी लेकरे आहेत, हे त्या एका पेल्याने दिसते. म्हणूनच पुढचे खून अंगावर येतात.

आपणांस विनंती एवढीच, की अशा चित्रपटांवरची पत्रे छापताना वाचकाने तो सभागृहात पाहिला, टीव्हीवर की मोबाइलवर, आणि सबटायटल होती की नव्हती, हेही विचारून घ्यावे. पत्राखाली अर्धी ओळ पुरे.

आपला,
एक वाचक
धरमपेठ, नागपूर