जहाजात झाडू कोण मारतं?

बाणेर, रविवारी रात्री

प्रिय बंड्या,

चार महिने तुझा फोन उचलला नाही, मेसेजला नुसता अंगठा पाठवला, तेव्हा आधी शिव्या घालून घे. शुगर कंट्रोलमध्ये, गुडघा आहे तसाच, घरचे ठीक. आता मुद्द्याचं. फोनवर मुद्दाम बोललो नाही, तू मध्येच हसतोस.

मी सोसायटीचा सेक्रेटरी झालोय (हस). बावीस मजले, तीन लिफ्ट, सकाळी आठ ते दहा ही रांग. एजीएमला ठराव आला की कामाला येणाऱ्या बायका, ड्रायव्हर, डिलिव्हरीवाले यांनी फक्त तिसरी लिफ्ट वापरायची. यावर मी काय बोललो असेन? 'नोटीस मराठीत करू का इंग्रजीत?' संपला माझा विरोध. टाइप मी केली, सही माझी, शिक्का माझा, आणि पावसाने भिजू नये म्हणून लॅमिनेशन पण स्वतः जाऊन करून आणलं.

नेमकं त्याच आठवड्यात लेकीला स्टार ट्रेक दाखवायला घेतलं होतं, ती अंतराळजहाजाची अमेरिकन मालिका, जुनी, कॅप्टन कर्क आणि स्पॉकवाली. ती दगड बघून हसते, थर्मोकोलचे आहेत म्हणते. मग मी सुटलो. म्हटलं अगं 1966 साल बघ, अमेरिका आणि रशिया एकमेकांवर अणुबॉम्ब रोखून बसलेले, आणि यांनी दुसऱ्या सीझनला जहाज चालवायला चेकॉव्ह नावाचा रशियन पोरगा बसवला. जपानशी लढाई संपून वीसच वर्षं झालेली, तर शेजारी जपानी वळणाचा सुलू. आणि उहुरा, काळी बाई, मोलकरीण नाही, अधिकारी. तिचं काम करणारी निशेल निकोल्स पहिल्या सीझननंतर सोडून चालली होती, तिला मार्टिन ल्यूथर किंगनी स्वतः सांगितलं, सोडू नकोस. हे सांगताना माझा गळा दरवेळी दाटतो, तुला माहितीये.

लेक म्हणाली, ते सगळं ठीक, पण बायका मिनीस्कर्टमध्ये का, आणि कॅप्टन एकपण का नाही? आता काय सांगणार. पहिल्या पायलटमध्ये, म्हणजे चॅनलला दाखवायच्या नमुना भागात, दोन नंबरची अधिकारी बाईच होती, चॅनलने तो पायलट नाकारला, दुसऱ्यात ती गायब. शेवटच्या भागात तर कॅप्टन व्हायचं म्हणून एक बाई कर्कचं शरीरच पळवते आणि वेडी ठरते. जून 1969. दीड महिन्यात माणूस चंद्रावर उतरला, पण तेविसाव्या शतकात जायचं तरी ह्यांनी बाई 1966 चीच नेली होती.

आणि मग तो ढगांवरच्या शहराचा भाग लागला. तो पण 1969 चाच. वर ढगात स्ट्रॅटोस, तिथे सगळे कलावंत, विचारवंत, शांतता, संगमरवर. खाली खाणीत कामगार. वरच्यांचं म्हणणं खालच्यांना मुळात बुद्धीच कमी, त्यांना वर घेऊन करायचं काय. नंतर कळतं की खाणीतला गॅस त्यांच्या डोक्यावर परिणाम करतो, वर आणून ठेवलं तर तो उतरतो. वर राहणारा माणूस हे मानायलाच तयार नाही, शेवटी कर्क त्याला खाली नेऊन स्वतःसकट कोंडतो.

लेकीने पॉज केलं. म्हणाली, बाबा, आपला मजला कितवा?

मी म्हटलं एकोणिसावा. उत्तर दिल्यावर कळलं तिने काय विचारलं.

बंड्या, मला एकदम तुमच्या वाड्यातला टीव्ही आठवला. रविवारी सकाळी दूरदर्शनवर स्टार ट्रेक लागायचं, ब्लॅक अँड व्हाइट, त्यामुळे जहाजावरचे लाल शर्टवालेच मरतात हे आपल्याला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं. अँटेना फिरवायला गच्चीवर तू कधी गेलास? मीच. आणि तुमच्याकडे भांड्याला येणाऱ्या इंदूमावशी उंबऱ्यात बसून बघायच्या, आत यायच्या नाहीत, भांडी घासायची राहिली तरी उठायच्या नाहीत. एकदा त्यांनी विचारलं, एवढं मोठं जहाज, चारशे माणसं, झाडू कोण मारतं?

बघ ना, खरंच कुणी दिसत नाही. कर्कला कॉफी आणून द्यायला बाई आहे, केर काढताना कुणी नाही. तेव्हा अमेरिकेत वाटत होतं मशीन सगळं करेल, कष्टच राहणार नाहीत, मग कष्ट करणारे कुठे गेले हे विचारायचं कुणाला सुचणार. ते सुचलं तुमच्या उंबऱ्यात.

तू म्हणायचास ही मालिका म्हणजे अवकाशातली अमेरिकन पोलीस चौकी आहे. तो 1968 चा भाग तू माझ्या तोंडावर मारला होतास, क्लिंगॉन, म्हणजे कर्कचे परग्रहावरचे शत्रू, एका टोळीला बंदुका देतात म्हणून कर्क दुसऱ्या टोळीला तितक्याच देतो, आणि आपण बघायचं की बिचाऱ्याला किती वाईट वाटतंय. व्हिएतनाम, व्हिएतनाम म्हणून तू कट्ट्यावर ओरडत होतास. मी आठ दिवस बोललो नव्हतो. बरोबर होतास, घे. पण चुकीचा माणूस बरोबर बोलला की जास्त राग येतो. आणि मालिकेतला तो खलनायक खान, त्यांच्या कथेत 1992 ते 96 पावपेक्षा जास्त पृथ्वीवर राज्य करणार होता, तेव्हा आपण लकडी पुलावर तुझी एम-एटी ढकलत होतो.

लिफ्टचं पुढे ऐक. मंगळवारी तिसरी लिफ्ट मेंटेनन्सला. आमच्या मावशींना वॉचमनने पहिल्या लिफ्टमधून उतरवलं, साहेबांची सही आहे म्हणाला. एकोणीस मजले चढून आल्या. काही बोलल्या नाहीत, दाराशी दोन मिनिटं भिंतीला धरून उभ्या राहिल्या आणि सिंककडे गेल्या. वय माझ्याएवढंच असेल रे, गुडघे पण तसेच.

मी काय केलं? वॉचमनला फोन करून सांगितलं, तिसरी बंद असेल तेव्हा कुठलीही वापरू द्या. नोटीसखाली पेनाने ओळ पण वाढवली. आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. रात्री आठवलं की कर्क पण शेवटी हेच करतो. खाणीत गॅस लागू नये म्हणून कामगारांना मास्क. भांडण मिटवायला सरकारी माणूस बोलावू म्हणतो आणि निघतो. शहर ढगातच. मी पण मास्क दिले, बंड्या.

पुढच्या रविवारी कमिटी आहे. नोटीस काढा म्हटलं तर माझ्या बाजूने एक-दोन हात वर येतील, त्यात एक चौथ्या मजल्यावरच्या काकांचा, ते तसेही जिन्यानेच जातात. लेक दोन दिवस तिसऱ्या लिफ्टने येते-जाते, बोलत काही नाही. सेक्रेटरीपद सोडणं सोपं आहे, पण मग पळाला म्हणतील, आणि तू तर म्हणशीलच.

तुझ्या पोराची अॅडमिशन झाली का? नवीन घराचे फोटो बघितले, किचन झकास आहे. काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं ना, मी यायला हवं होतं, आलो नाही.

काकूंना एक विचार. त्या दिवशी इंदूमावशींना कुणी उत्तर दिलं होतं का? मला आठवत नाही. आपण दोघं हसलो होतो एवढं आठवतंय.

तुझा,
नंद्या