नाव बदललं, कुळकायदे मात्र तीनचे तीनच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुने कायदे रद्द करणार, एकत्र करणार अशा बातम्या अधूनमधून येत असतात. वाचून बरं वाटतं, पण आमच्यासारख्याला ज्या कायद्याशी रोजचा संबंध येतो त्याचं नाव त्यात कधी दिसत नाही म्हणून हे पत्र.

पैनगंगेच्या अलीकडं आमचं शेत, तालुका उमरखेड, म्हणजे विदर्भ. पलीकडं मामाचं, तालुका हदगाव, म्हणजे मराठवाडा. मधात फक्त नदी. दोन्हीकडच्या आजोबांना जमीन कुळ म्हणून मिळालेली, दोन्ही सातबाऱ्यांवर इतर हक्कात कुळकायद्याचा शेरा. मागं मामेभावाला पोरीच्या शिक्षणासाठी दोन एकर विकायचे होते तर मी शहाणपणानं त्याला व्हॉट्सॲपवर आलेली एक पीडीएफ पाठवली, की बाबा आता कलम ४३ ची परवानगी लागत नाही, चाळीस पट आकार (म्हणजे शेतसारा) भर आणि मोकळा हो. तो बिचारा प्रिंट काढून तहसीलला गेला. तिथल्या बाबूनं कागद पाहिला न पाहिला आणि परत केला, म्हणे हा तुमचा कायदाच नाही. माणूस तेवढ्यावरच थांबला, मग तुमचा कोणता ते काही सांगितलं नाही. दोन चकरा वाया गेल्यावर एका वकिलानं समजावलं, कलम ४३ हे मुंबईच्या १९४८ च्या कुळकायद्यातलं, ते पश्चिम महाराष्ट्र, कोकणाकडं चालतं. मराठवाड्यात हैद्राबादचा १९५० चा कायदा, तिथं हीच गोष्ट कलम ५०-ब मध्ये. आणि मी विदर्भातला, मला १९५८ चा विदर्भाचा कायदा, कलम ५७. म्हणजे मी जी पीडीएफ छातीठोकपणे पाठवली ती त्याला तर नाहीच, मलासुद्धा लागू नव्हती!

गंमत म्हणजे सवलत तिन्हीकडं तीच आहे. २०१४ च्या दुरुस्तीनं कुळाला जमीन मिळून दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या चाळीस पट नजराणा भरायचा आणि विकायची, घेणारा शेतकरी पाहिजे वगैरे अटी आहेत. निर्णय एक, पण तो तीन कायद्यांत तीन ठिकाणी तीन नंबरांखाली घुसवावा लागला. बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकायची मनाई तर सगळ्यांना माहीत आहे, तीसुद्धा एकीकडं कलम ६३, दुसरीकडं ४७, तिसरीकडं ८९. राज्य होऊन साठ वर्षं उलटून गेली राव.

हे असं का झालं ते उघड आहे, १९५६ ला मराठवाडा हैद्राबाद राज्याचे कायदे घेऊन आला, विदर्भ मध्य प्रदेशाचे घेऊन आला आणि सगळे द्विभाषिक मुंबई राज्यात कोंबले गेले. आमच्या १९५८ च्या कायद्याचं मूळ नाव तर विदर्भ प्रदेश आणि कच्छ क्षेत्र असं होतं. उमरखेड आणि भुज एकाच कायद्यात! १९६० ला कच्छ गुजरातेत गेलं, कायदा दोन्हीकडं राहिला.

मग सरकारनं काय केलं, तर २०१२ च्या कायद्यानं ढीगभर कायद्यांच्या नावातलं मुंबई काढून महाराष्ट्र घातलं, तेही १ मे १९६० पासून बदललं असं समजून. मुंबई पोलीस कायदा महाराष्ट्र पोलीस कायदा झाला, दारूबंदीचा, मुद्रांकाचा, कुळाचा, सगळ्यांचं बारसं झालं. अस्मिता म्हणून ठीक आहे, माझा विरोध नाही. पण दुकानाची पाटी बदलली आणि आतला माल तसाच, आणि वर गोंधळ असा की जुन्या निकालात, जुन्या फेरफारात मुंबई लिहिलेलं आणि नव्या जीआरमध्ये महाराष्ट्र, साध्या माणसाला वाटतं हे दोन कायदे आहेत.

एकत्र करता येत नाही असं कोणी म्हणू नये. जमीन महसुलाचं तेव्हाच केलं की. मुंबईचा १८७९ चा, विदर्भातला मध्य प्रदेशचा १९५४ चा आणि हैद्राबादचा १३१७ फसलीचा (हो, फसली, म्हणजे १९०७-०८ च्या आसपासचा) असे तीन बाजूला सारून १९६६ ला एकच महसूल संहिता आणली. घरभाड्याचंही तसंच, मुंबईचा १९४७ चा, हैद्राबादचा १९५४ चा आणि मध्य प्रांत-वऱ्हाडाचा १९४९ चा आदेश मोडून १९९९ चा एक भाडे नियंत्रण कायदा झाला, ३१ मार्च २००० पासून लागू. भाडेकरूसारखं भांडणाचं प्रकरण एका कायद्यात बसू शकतं तर कुळाचं का नाही.

उगाच रद्द केलेल्या कायद्यांचे आकडे मोजू नका एवढं मात्र सांगतो. केंद्रानं २०१४ नंतर दीड हजारावर कायदे रद्द केले, त्यातले कितीतरी नुसते दुरुस्ती कायदे होते ज्यांचा मजकूर मूळ कायद्यात कधीच जिरलेला. ती झाडलोट पाहिजेच, पण तेवढ्यानं मामेभावाची चकर वाचत नाही.

आणि एक भीतीही आहे. साफसफाईच्या नावाखाली हक्कच झाडून टाकले तर? कुळ मालक कधी झालं ते तारखेवर ठरतं. पश्चिम महाराष्ट्रात कृषक दिन, म्हणजे कुळ मालक झालं असं धरतात तो दिवस, १ एप्रिल १९५७, आमच्याकडं १ एप्रिल १९६१, मराठवाड्याचं आणखी वेगळं. ह्या तारखा सरसकट एक करून चालणारच नाही, त्या परिशिष्टात जशाच्या तशा ठेवाव्या लागतील, चालू दावेही जुन्या कायद्यानंच संपवावे लागतील. त्यासाठी सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम आहे असं वकील म्हणतात (हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला कुठल्यातरी ग्रंथाचा खंड वाटला होता). म्हणून काम फक्त टेक्निकल ठेवा. ज्यांना नवीन काही घालायचं आहे त्यांनी वेगळं विधेयक आणावं, सगळ्यांसमोर चर्चा करून.

भाषेचंही तेच. मराठी मजकूर असतो पण घटनेच्या कलम ३४८ मुळं कोर्टात शेवटी इंग्रजीच प्रमाण, आणि मराठी प्रतीत दुरुस्त्या वेळेवर घातलेल्या नसतात. मी पाहिलेल्या एका ऑफिसातल्या पुस्तकात दुरुस्त्यांच्या चिठ्ठ्या गोंदानं चिकटवलेल्या होत्या, काही निसटून शेवटच्या पानात जमा झालेल्या. त्यातली कुठली कुठल्या कलमाची ते त्या साहेबालाही सांगता येईना.

तेव्हा सुरुवात ह्या तीन कुळकायद्यांपासूनच करावी. एकच मसुदा मराठीत काढा, सोबत डाव्या बाजूला जुनं कलम आणि उजव्या बाजूला नवं असा तक्ता द्या, म्हणजे ४३, ५०-ब आणि ५७ हे नव्यात कुठं गेले ते बोट ठेवून दाखवता येईल, आणि हरकतींसाठी तो तलाठी कार्यालयात लावा, नुसता वेबसाईटवर नको. मामेभावाचा चाळीस पट भरून झाला, शेरा अजून निघायचा आहे.

आपला,
एक वाचक, ता. उमरखेड, जि. यवतमाळ